वीज नसतानाही अक्षर जपणारा पडदा : द्विस्थिर द्रवस्फटिकांची ओळख

ऐरोली, प्रतिनिधी

ऐरोलीच्या सेक्टरांमधील स्टेशनरीच्या दुकानांत, लोकलमधून फिरणाऱ्या विक्रेत्यांच्या पिशव्यांत आणि वाढदिवसाच्या रिटर्न गिफ्टमध्ये गेल्या काही वर्षांत एका काळ्या पाटीने ठाण मांडले आहे. शंभर-दोनशे रुपयांच्या आसपास मिळणाऱ्या या ‘एलसीडी पाटी’वर बोथट टोकाने रेघ ओढली की ती हिरवी उमटते आणि बटण दाबले की क्षणार्धात नाहीशी होते. खडूची भुकटी नाही, ओले फडके नाही, दगडी पाटीवरील पेन्सिलीचा तो अंगावर काटा आणणारा आवाजही नाही. पालकांना ही पाटी आवडते. मात्र तिच्याविषयी दोन शंका हमखास निघतात. मुलाने लिहून पाटी रात्रभर तशीच ठेवली तर आतला सेल संपत नाही का? आणि सेल संपल्यावर अक्षरे आपोआप नाहीशी होण्याऐवजी जागच्या जागी कायम का राहतात?

दोन्ही शंकांचे उत्तर एकच आहे. लिहिलेले टिकवून धरण्यासाठी ही पाटी वीज वापरतच नाही. वीज लागते ती फक्त पुसण्यासाठी. मोबाइलच्या, घड्याळाच्या किंवा विजेच्या मीटरच्या पडद्यापेक्षा तिचे कुळ वेगळे आहे. शास्त्रीय भाषेत तिला द्विस्थिर द्रवस्फटिक पटल म्हणतात. प्रयोगशाळांत अनेक दशके घडत आलेले हे तंत्र मोठ्या बाजारात मागे पडले आणि मुलांच्या दप्तरात मात्र सुखाने नांदू लागले. ते नेमके कसे चालते, हे समजून घेण्यासारखे आहे.

घंटेचे बटण आणि दिव्याचा खटका

दारावरील घंटेचे बटण दाबून धरले तोवर घंटा वाजते, बोट काढले की थांबते. त्या बटणाला एकच विसाव्याची जागा आहे. दिव्याचा खटका तसा नाही. तो वर केला की वर राहतो, खाली केला की खाली राहतो; बोटाचे काम फक्त एका स्थितीतून दुसरीत ढकलण्यापुरते. पहिले बटण एकस्थिर, दुसरा खटका द्विस्थिर. खटका मध्यावर अर्धवट ठेवू पाहिला तरी तो तेथे थांबत नाही, कोणत्या तरी एका बाजूला पडतोच.

पदार्थविज्ञानात हेच चित्र दोन दऱ्या आणि त्यांच्यामधील घाट असे मांडतात. चेंडू एका दरीत पडला की तो तेथेच राहतो. घाट ओलांडण्याइतका जोर मिळाला तरच तो पलीकडे जातो, आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा कोणी ढकलेपर्यंत तिकडेच थांबतो. द्विस्थिर पडद्याच्या प्रत्येक ठिपक्यातील रेणूंना अशा दोन दऱ्या उपलब्ध असतात. एका दरीत असताना ठिपका उजळ दिसतो, दुसरीत काळा. दोन्ही दऱ्या सारख्याच खोल असाव्यात असे नाही. उथळ दरीही चालते. तिच्याभोवतीचा घाट पुरेसा उंच हवा, एवढेच.

नेहमीचा एलसीडी पडदा ‘विसरतो’ का

द्रवस्फटिक ही द्रव आणि स्फटिक यांच्या मधली अवस्था होय. प्रागमध्ये काम करणारे ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीड्रिख रायनित्सर यांना १८८८ मध्ये कोलेस्टेरिल बेंझोएट या पदार्थाला जणू दोन वितळणबिंदू असल्याचे आढळले. १४५.५ अंश सेल्सिअसला घन पदार्थ वितळून गढूळ द्रव होई आणि १७८.५ अंशाला तो गढूळपणा अचानक नाहीसा होई. जर्मन शास्त्रज्ञ ओटो लेमान यांनी सूक्ष्मदर्शकाखाली हा गढूळ द्रव तपासला, तेव्हा तो वाहत असूनही स्फटिकासारखे गुण दाखवतो, हे स्पष्ट झाले. काठीसारखे लांबट रेणू द्रवाप्रमाणे इकडेतिकडे सरकतात, पण आपले तोंड साधारण एकाच दिशेला ठेवतात. ही दिशा विजेच्या क्षेत्राने वळवता येते, आणि या एका गुणावर पुढचा सगळा उद्योग उभा राहिला.

घड्याळात, गणकयंत्रात किंवा महावितरणच्या मीटरमध्ये दिसणाऱ्या साध्या पटलात दोन काचांच्या मध्ये रेणूंची रांग एका काचेपासून दुसऱ्या काचेपर्यंत ९० अंशांचा पीळ घेते. मार्टिन शाट आणि वोल्फगांग हेल्फ्रिख यांनी १९७० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ही रचना पुढे आणली. पिळाबरोबर प्रकाशही वळतो आणि पलीकडच्या ध्रुवक पट्टीतून बाहेर पडतो. दाब लावला की रेणू ताठ उभे राहतात, पीळ सुटतो, प्रकाश अडतो आणि अंक काळा दिसतो. दाब काढला की काचेच्या पृष्ठभागाला चिकटलेले रेणू बाकीच्यांना पुन्हा पूर्ववत पिळात ओढतात. दरी एकच असल्याने चेंडू नेहमी तेथेच परततो. म्हणजे हे घंटेचे बटण झाले.

मनगटी घड्याळाच्या बाबतीत यात मोठे नुकसान नाही. तेथील पटलाला इतकी कमी वीज लागते की एक सेल काही वर्षे पुरतो. एलसीडी म्हणजे वीज खाणारी वस्तू, हा समज मोठ्या पडद्यांमुळे झाला आणि तेथेही बहुतेक वीज पाठीमागच्या दिव्याला जाते, द्रवस्फटिकाला नव्हे. खरी अडचण ठिपक्यांची संख्या वाढली की सुरू होते. शेकडो ओळी आणि शेकडो स्तंभ असतील, तर प्रत्येक ठिपक्याला स्वतंत्र तार देणे शक्य नसते. ओळी एकामागून एक चालवाव्या लागतात, आणि एका ओळीची पाळी परत येईपर्यंत तिच्यावरील ठिपके विसरू लागतात. आयबीएममधील ऑल्ट आणि प्लेश्को यांनी १९७४ मध्ये या अडचणीचे गणित मांडले. त्यानुसार १०० ओळींच्या पडद्यात ‘चालू’ आणि ‘बंद’ ठिपक्यांना मिळणाऱ्या परिणामी दाबात जास्तीत जास्त सुमारे साडेदहा टक्क्यांचाच फरक ठेवता येतो. एवढ्याशा फरकात काळे-पांढरे स्पष्ट दिसणार कसे?

यावर वाटा निघाल्या त्या अशा. प्रत्येक ठिपक्यामागे एक ट्रान्झिस्टर बसवून त्याच्याकरवी आठवण ठेवायची, ही पहिली. आजचा मोबाइल आणि दूरचित्रवाणी संच याच वाटेने आले. अनेक ओळी एकाच वेळी चालवून फरक सुसह्य करायचा, ही दुसरी. तिच्यावर बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत टी. एन. रुक्मोंगदन यांनी १९८० च्या दशकात केलेले काम जगभर दखलपात्र ठरले. तिसरी वाट म्हणजे आठवण ठेवण्याचे काम द्रवालाच सांगायचे. आपली पाटी या तिसऱ्या वाटेवरची.

पाटीच्या पोटात

पाटीच्या वरच्या आणि खालच्या प्लॅस्टिक पत्र्यांमध्ये केवळ काही मायक्रॉन जाडीचा द्रवस्फटिकाचा थर असतो. माणसाचा केस याच्या दहा-वीसपट जाड भरेल. पत्र्यांच्या आतल्या बाजूंना पारदर्शक वाहक थर असतात, आणि सर्वांत मागे काळा रंग.

हा द्रवस्फटिक कोलेस्टेरिक जातीचा आहे. रायनित्सर यांनी पाहिलेला पदार्थ याच जातीचा होता. यातील रेणू एका थरात एका दिशेला, पुढच्या थरात किंचित वळून, त्यापुढच्यात आणखी वळून असे मांडलेले असतात. एकूण आकार मळसूत्राचा होतो. वळत वळत दिशा पूर्ण फिरून पुन्हा पहिल्यासारखी होण्यास जे अंतर लागते, त्यावर रंग ठरतो. परावर्तित प्रकाशाची तरंगलांबी म्हणजे साधारणपणे हे अंतर गुणिले द्रवाचा सरासरी वक्रीभवनांक. वक्रीभवनांक १.५५ च्या आसपास आणि अंतर ३५५ नॅनोमीटर धरले, तर गुणाकार ५५० नॅनोमीटर येतो. तोच आपला हिरवा रंग. पाटीत हिरवी शाई कोठेच नसते. मोराच्या पिसातील निळाई जशी रंगद्रव्यामुळे नसून सूक्ष्म रचनेमुळे असते, तसेच हे आहे. घरी पडताळा घ्यायचा असेल तर पाटी खूप तिरकी करून रेघ पाहावी. हिरवा रंग निळ्याकडे झुकलेला दिसेल, कारण तिरक्या प्रकाशाला थरांमधील अंतर वेगळे ‘वाटते’. आणखी एक मर्यादा याच रचनेत आहे. मळसूत्र उजवे असेल तर ते उजव्या फिरकीचाच प्रकाश परतवते, डावे असेल तर डावाच. त्यामुळे त्या रंगाचाही जास्तीत जास्त निम्मा प्रकाश परत येतो. पाटीवरील अक्षरे कागदाइतकी झगझगीत का नसतात, त्याचे हे एक कारण.

आता दोन दऱ्या कोणत्या, ते पाहू. मळसूत्रांचे अक्ष पत्र्याला काटकोनात, सरळ उभे असतील तर थर एकमेकांवर नीट रचलेले राहतात आणि हिरवा प्रकाश परततो. या रचनेला प्लेनर म्हणतात. अक्ष विस्कटून आडवेतिडवे पडले, तर प्रकाश किंचित विखुरतो पण बहुतांशी आरपार जातो आणि मागचा काळा रंग दिसतो. ही फोकल कॉनिक रचना. कोरी पाटी म्हणजे सर्वत्र फोकल कॉनिक. त्यावर टोक दाबून ओढले की दोन पत्र्यांमधील द्रव त्या जागी बाजूला सरकतो, आणि या वाहण्यामुळे विस्कटलेली मळसूत्रे सरळ होऊन प्लेनर रचनेत येतात. रेघ उमटते ती अशी. यात विजेचा काहीही संबंध नाही. म्हणून मोबाइलच्या पडद्यावर निरुपयोगी ठरणारी लाकडी काडी, पेनाचे टोपण किंवा नख येथे उत्तम चालते. जोराने दाबल्यास रेघ जाड होते, कारण द्रव अधिक वाहतो. द्रवात मिसळलेले बहुवारिकाचे विरळ जाळे हे वाहणे आवरून धरते. ते नसते, तर रेघ पसरून डाग झाला असता.

पुसणे, किंवा सोडण्याची रीत

खरी गंमत पुसण्यात आहे. कोलेस्टेरिक थराला मध्यम दाब लावला की उभी मळसूत्रे ढासळतात आणि रचना फोकल कॉनिक होते. दाब आणखी वाढवला की मळसूत्रांचा पीळच उलगडतो आणि सगळे रेणू पत्र्याला काटकोनात ताठ उभे राहतात. ही तिसरी स्थिती दाब आहे तोवरच टिकते, त्यामुळे ती दरी नव्हे. तो घाटमाथा म्हणावा. तेथून चेंडू कोणत्या बाजूला उतरणार, हे दाब किती होता यावर नव्हे, तर तो कसा काढला यावर ठरते. एकदम काढला तर रेणू आधी एका मिलिसेकंदाच्या आसपास मोठ्या अंतराच्या तात्पुरत्या पिळात शिरतात आणि मग स्थिरावत प्लेनर, म्हणजे उजळ होतात. हळूहळू उतरवला, किंवा मध्यम पातळीवर थोडा वेळ थांबवून मग काढला, तर ते फोकल कॉनिकमध्ये, म्हणजे काळोखात उतरतात.

पतंग उडवणाऱ्याला ढील देण्याची रीत समजावून सांगावी लागत नाही. येथेही झटका आणि ढील यांतच सगळे आहे. अनेक पाट्यांवर बटण दाबताच सगळा पृष्ठभाग क्षणभर लख्ख हिरवा होऊन मग काळा पडतो. तो बिघाड नाही. आधी सगळीकडच्या रेणूंना एका पातळीवर आणायचे आणि मग सगळ्यांना एकदम काळ्या दरीत उतरवायचे, असे दोन टप्प्यांचे काम त्या क्षणात होते. सेल अशक्त झाला की दाब पुरेसा चढत नाही. काही मळसूत्रे ढासळतात, काही तशीच उभी राहतात आणि जुन्या अक्षरांची पुसट भुते पाटीवर रेंगाळतात. सेल पूर्ण संपला तर शेवटचे लिहिलेले तसेच राहते. द्रवस्फटिकाचे त्यात काहीच बिघडलेले नसते.

साध्या पाटीत दोन्ही वाहक थर अखंड असल्याने पुसताना सगळी पाटीच पुसली जाते. बेरजेतला एकच चुकलेला आकडा खोडता येत नाही. शाळेच्या दृष्टीने ही उणीव मोठी आहे आणि दगडी पाटी येथे अजून वरचढ ठरते. नेमका तेवढाच भाग पुसू देणाऱ्या पाट्याही पुढे आल्या, पण स्वस्त मालात त्या सहसा दिसत नाहीत.

वीज किती लागते याचा एक ढोबळ हिशेब मांडता येतो. लिहिण्याजोगे क्षेत्र २०० चौरस सेंटिमीटर, थराची जाडी ५ मायक्रॉन आणि दाब ४० व्होल्ट धरला (तीन व्होल्टच्या सेलवरून छोटे सर्किट तो वाढवून घेते), तर थर एकदा भारित करण्यास सुमारे पाव मिलिज्यूल ऊर्जा पुरते. सीआर २०१६ या चपट्या सेलमध्ये ९७० ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते. कागदावर हा आकडा लाखो वेळा पुसण्याचा होतो. प्रत्यक्षात एकदा पुसायला अनेक ठोके द्यावे लागतात आणि दाब वाढवणाऱ्या सर्किटमध्ये बरीच ऊर्जा वाया जाते. तरीही या प्रकारच्या पहिल्या लोकप्रिय पाटीसाठी, २०१० मध्ये अमेरिकेत आलेल्या ‘बूगी बोर्ड’साठी, उत्पादकांनी सुमारे ५० हजार वेळा पुसण्याची हमी सांगितली होती. दिवसाला २० वेळा पुसले तर ती जवळपास सात वर्षे पुरावी. आपल्याकडील पाट्या काही महिन्यांत मान टाकतात, त्याचा दोष द्रवस्फटिकाकडे जात नाही. हलका सेल, गळके सर्किट आणि मजा म्हणून बटण दाबत बसणारी मुले, हे तिघे मिळून ते काम करतात.

नागपूरचा धागा

भारतातील द्रवस्फटिक संशोधनाचा पाया ज्यांनी घातला, त्या शिवरामकृष्ण चंद्रशेखर यांचे पदव्युत्तर शिक्षण नागपुरात झाले, ही गोष्ट महाराष्ट्रात फारशी ठाऊक नाही. नोबेल मिळवणारे खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर वेगळे. नावसाधर्म्यामुळे दोघांची नेहमी गल्लत होते. घराणे मात्र एकच. शिवरामकृष्ण हे सर सी. व्ही. रामन यांचे भाचे, तर सुब्रह्मण्यन पुतणे.

शिवरामकृष्ण यांचा जन्म ६ ऑगस्ट १९३० रोजी कोलकात्यात झाला. १९५१ मध्ये नागपूर विद्यापीठातून पदार्थविज्ञानात एम.एस्सी. होऊन ते बंगळूरला मामांच्या संस्थेत संशोधनासाठी गेले. स्फटिकांतून जाणाऱ्या प्रकाशाची ध्रुवणदिशा कशी फिरते, हा त्यांचा विषय होता आणि त्याच कामावर १९५४ मध्ये नागपूर विद्यापीठाने त्यांना डी.एस्सी. दिली. हा विषय पाटीपासून दूरचा वाटेल. पण तसे नाही. गारगोटीचा एक मिलिमीटर जाडीचा स्फटिक पिवळ्या प्रकाशाची दिशा सुमारे २२ अंशांनी फिरवतो, आणि कोलेस्टेरिक द्रवस्फटिक तेवढ्याच जाडीत हजारो अंशांनी. मळसूत्री रचना प्रकाशाशी कशी वागते याचे सैद्धांतिक विवेचन त्यांनी १९६० च्या दशकात म्हैसूर विद्यापीठात केले, तेव्हा नागपूरच्या पदवीपासून सुरू झालेला धागा पुढे आलेला दिसतो.

केंब्रिजमधील संशोधनानंतर १९६१ मध्ये ते म्हैसूर विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागाचे पहिले प्रमुख झाले. १९७१ मध्ये त्यांनी रामन संशोधन संस्थेत द्रवस्फटिक प्रयोगशाळा सुरू केली. तोवर द्रवस्फटिक म्हणजे काठीसारखे रेणू असेच समीकरण होते. १९७७ मध्ये चंद्रशेखर, बी. के. सदाशिव आणि के. ए. सुरेश यांनी तबकडीच्या आकाराचे रेणूही द्रवस्फटिक बनवतात, हे दाखवून दिले. हा निबंध त्यांनी परदेशी नियतकालिकात नव्हे, तर बंगळूरहून निघणाऱ्या ‘प्रमाण’मध्ये प्रसिद्ध केला, आणि जगाला तो तेथे येऊन वाचावा लागला. त्याच वर्षी त्यांचे ‘लिक्विड क्रिस्टल्स’ हे पुस्तक केंब्रिज विद्यापीठाने काढले. निवृत्तीनंतर १९९१ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सने दिलेल्या जागेत त्यांनी द्रवस्फटिक संशोधन केंद्र उभे केले. १९९८ मध्ये पद्मभूषण मिळालेल्या या शास्त्रज्ञाचे ८ मार्च २००४ रोजी बंगळूरमध्ये निधन झाले.

इतर भावंडे

पाटीतील कोलेस्टेरिक प्रकार जुना आहे. नेमॅटिक आणि कोलेस्टेरिक यांच्या मिश्रणात वीज काढल्यावरही चित्र टिकते, हे अमेरिकेतील आरसीए कंपनीचे जॉर्ज हाइलमायर आणि गोल्डमाकर यांनी १९६८ मध्येच नोंदवले होते. त्याला भरवशाचे रूप देण्याचे काम ओहायोतील केंट विद्यापीठात विल्यम डोन, डेंग-के यांग व सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात केले. त्यातूनच केंट डिस्प्लेज ही कंपनी आणि पुढे बूगी बोर्ड आला.

दुसरा प्रकार फेरोइलेक्ट्रिक द्रवस्फटिकांचा. नोएल क्लार्क आणि स्वेन लागरवाल यांनी १९८० मध्ये दाखवले, की असा द्रव दोन मायक्रॉनपेक्षा कमी फटीत कोंडला तर त्यातील रेणूंना तिरके झुकण्याच्या दोनच दिशा उरतात. येथे दाबाची धन-ऋण बाजू बदलली की झुकाव बदलतो, तोही काही मायक्रोसेकंदांत. वेगात याला तोड नाही. पण पडद्यावर बोटाने जरा जोरात दाबले तरी थरांची घडी विस्कटते आणि ती पुन्हा बसत नाही. जपानच्या कॅननने १९९० च्या दशकात या तंत्राचे संगणक-पडदे बाजारात आणून पाहिले. ते रुजले नाहीत. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील संशोधकांनी २००८ मध्ये अशा द्रवात सोन्याचे नॅनोकण मिसळून त्याची स्मृती वाढवता येते, असे प्रसिद्ध केले.

तिसऱ्या प्रकारात द्रव साधाच असतो, चतुराई काचेच्या पृष्ठभागात असते. इंग्लंडमधील मॅल्व्हर्न येथे संरक्षण प्रयोगशाळेतील संशोधकांनी एका काचेवर सुमारे एक मायक्रॉन अंतराच्या सूक्ष्म पन्हाळी उठवल्या. त्यांच्याजवळील रेणू एक तर उभे राहतात किंवा आडवे, आणि ठोक्याची दिशा उलटली की एकातून दुसऱ्यात जातात. २००० मध्ये स्थापन झालेल्या झेडबीडी कंपनीने हे तंत्र दुकानांतील फळ्यांवर लावायच्या किमतीच्या चिठ्ठ्यांसाठी वापरले. फ्रान्समध्ये इव्हान दोझोव्ह आणि जॉर्ज द्युरां यांच्या संशोधनावर उभी राहिलेली नेमॉप्टिक कंपनी आणखी एक पाऊल पुढे गेली. तिच्या पटलात एका काचेची रेणूंवरील पकड मुद्दाम ढिली ठेवलेली असते. ठोक्याने ती सुटते. मग दाब झटकन काढला तर द्रव आतल्या आत वाहतो आणि रेणूंना १८० अंशांचा पीळ बसतो. सावकाश काढला तर पीळ न घेता ते समांतर राहतात. पुन्हा तीच गोष्ट : झटका की ढील. द्रव वेगळा, कंपनी वेगळी, तरी निकाल देणारा क्षण दाब काढण्याचाच.

बाजारात काय झाले

एवढ्या हुशारीनंतरही पुस्तकवाचकांचा मोठा बाजार द्विस्थिर द्रवस्फटिकांना मिळाला नाही. २००४ मध्ये सोनीने आणि २००७ मध्ये अॅमेझॉनने आपल्या वाचनयंत्रांसाठी ई-इंक निवडले. किंडलचे पान वीज नसताना टिकते, म्हणून त्यालाही अनेकजण एलसीडी समजतात. ते द्विस्थिर आहे, पण द्रवस्फटिक नाही. त्यात सूक्ष्म कुप्यांमधील काळे-पांढरे कण विजेने वर-खाली होतात. ते कागदासारखे अधिक उजळ दिसते आणि ध्रुवक पट्टीत प्रकाश वाया घालवत नाही. फुजित्सूने २००९ मध्ये जपानमध्ये तीन कोलेस्टेरिक थर एकावर एक ठेवून रंगीत वाचनयंत्र विकायला काढले. पूर्ण रंगांचे एक पान भरायला त्याला सुमारे आठ सेकंद लागत, आणि किंमत एक लाख येनच्या घरात होती. नेमॉप्टिक २०१० मध्ये बंद पडली.

या हारीमागे एक साधे कारण दिसते. द्विस्थिर पडदा तेथेच फायद्याचा, जेथे चित्र क्वचित बदलते. त्याच दशकात लोकांना हलती चित्रे हातात हवी झाली आणि तेथे सेकंदाला साठ वेळा बदलणाऱ्या पडद्यापुढे स्मृतीचे मोल शून्य होते. मुलाच्या पाटीत मात्र उलट आहे. मूल लिहिते आपल्या हाताच्या जोराने. यंत्राला फक्त अधूनमधून पुसायचे असते. ठिपके नाहीत, ओळी-स्तंभ नाहीत, ट्रान्झिस्टर नाहीत, दिवा नाही. महाग असलेले सगळे गळून गेले आणि द्रवाचा एक पातळ थर उरला.

घरात पाटी असेल तर

पाटीमागे अनेकदा ‘लॉक’ची छोटी खुंटी असते. ती सरकवल्याने लिहिलेले चुकून पुसले जात नाही, इतकेच. अक्षर टिकवायला वीज लागतच नसल्याने लॉक केल्याने त्या बाबतीत बचत होण्याचा प्रश्न नाही. पाटी डोळ्यांत प्रकाश सोडत नाही, आपल्यावर पडलेलाच परतवते. म्हणून अंधारात ती वाचता येणार नाही. मे महिन्याच्या उन्हात बंद मोटारीत तिला ठेवू नये. ठरावीक तापमानापलीकडे मळसूत्रेच विरघळून द्रव साधा होतो आणि लिहिलेले जाते. थंड झाल्यावर पाटी बहुधा पुन्हा चालते, पण प्लॅस्टिक वाकले तर थराची जाडी बिघडते आणि त्यावर उपाय नाही.

पाटी पुसणे बंद झाल्यास ती टाकून देण्याआधी मागचे झाकण पाहावे. स्क्रूने बसवलेले झाकण असेल तर आतील सेलवरचा क्रमांक वाचून तोच नवा घालावा. साधारणतः तो सीआर २०१६ किंवा सीआर २०२५ असतो. सेलची कप्पी स्क्रूशिवाय नखाने उघडत असेल, तर ती पाटी लहान मुलाला देऊ नये. २० मिलिमीटर व्यासाचा लिथियम सेल गिळला गेला आणि अन्ननलिकेत अडकला, तर लाळेच्या संपर्कात वीज वाहून दोन तासांत ऊती गंभीर भाजू शकतात. सेल नाहीसा झाला आणि मूल लाळ गाळत असेल, खाणे नाकारत असेल किंवा खोकत असेल, तर उलटी करवण्याच्या भानगडीत न पडता थेट क्ष-किरण तपासणीची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. खरेदी करताना खोक्यावर ते शोधावे. लोकलमध्ये सुट्या विकल्या जाणाऱ्या पाट्यांना अनेकदा खोकेच नसते.

जुना सेल ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकायचा नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्चक्रणासाठी पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि ग्राहकाने त्या घरगुती कचऱ्यापासून वेगळ्या द्यायच्या आहेत. तोवर दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा डबीत त्या ठेवाव्यात.